गुलाबी अळीचं लगीन

कारंजखेडच्या शाळेत आरजूने पहिल्यांदा भाषण केलं, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक झोपले होते आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडे हेव्याने पाहत होते.

आरजू अकोल्याची. कृषी विद्यापीठात ती कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर संशोधन करायची. प्लास्टिकच्या डब्यांत अळ्या वाढवायच्या, त्यांचे पतंग झाले की जोड्या लावायच्या, आणि कोणत्या जोडीची पिल्लं बीटी कपाशीच्या अंगातल्याच विषाने मरतात, कोणत्या जोडीची मरत नाहीत, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत राहायचं, असं तिचं काम होतं. गुजरातेतून बातम्या येत होत्या की तिकडच्या काही अळ्यांना हे विष पचायला लागलंय. वऱ्हाडात अजून तसं दिसलं नव्हतं. होता होईल तितके दिवस ते दिसू नये, म्हणून गावोगाव जाऊन लोकांना समजावून सांगायचं, असं तिच्या सरांनी ठरवलं. चांदूर रेल्वे तालुक्यातलं कारंजखेड तिच्या वाट्याला आलं.

सांगायचं होतं ते वरवर पाहता एवढंसंच. बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या, बिगर-बीटी बियाण्याची एक लहान पुडी येते. रेफ्युजीची पुडी म्हणतात तिला. ती फेकू नका. वावराच्या कडेने, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या जवळच्या पाच तासांत, पाच ओळींत, ती पेरा. पण का पेरा, हे सांगायला गेलं की थेट जनुकशास्त्रात शिरावं लागायचं, आणि आरजू शिरली ती बाहेर आलीच नाही.

भिंतीवर पडदा म्हणून धोतर टांगलं होतं. तिसऱ्या चित्राला वीज गेली. भारनियमनाची वेळ बदलल्याचं गावाला ठाऊक होतं, तिला नव्हतं. ती तशीच अंधुक उजेडात बोलत राहिली. "प्रतिकारक जनुक हे अप्रभावी असतं, त्यामुळे समयुग्मजी अवस्थेतच त्याचा गुणधर्म व्यक्त होतो..."

"बाई, एक इचारू का?"

बोलणारे नत्थुजी होते. सत्तरीचे, खांद्यावर दुपट्टा, उभी हयात पराटीच्या पिकात गेलेली. इकडे कपाशीला पराटीच म्हणतात.

"विचारा ना, काका."

"तुमी म्हणता धुऱ्याजवळ साधी पराटी लावा. तिच्यात तं जहर नाही. मंग तिच्यावर अळी येईन."

"हो. यायलाच पाहिजे."

"यायलाच पाहिजे!" नत्थुजींनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "आयका रे. आतापावतर लोकं अळी माराचं शिकवाले येत होते. ह्या बाई अळी पोसाचं शिकवाले आल्या."

असा काही हशा उसळला की झोपलेले जागे झाले आणि कशाला हसायचं हे न कळताच हसू लागले.

नत्थुजींना दोष देता आला नसता. ती वर्षं कापसाच्या मुलखाला वाईट गेली होती. वर्तमानपत्रं या जिल्ह्यांच्या नावांनी भरलेली असायची. गावात येणारा प्रत्येक पाहुणा एक तर काही विकायला यायचा, नाही तर लोकांचं दुःख मोजायला. गाडी आली की लोक सवयीने शाळेत जमायचे, चहा व्हायचा, गाडी जायची.

हशा ओसरल्यावर पुढच्या रांगेतल्या आशाबाई उठल्या. बायकांच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. आवाज असा की गावच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला ऐकू जावं.

"पोरी, तू मनापासून सांगून राहिली होती हे दिसलं. पण मले त्यातलं काही समजलं नाही. ते जनुक म्हंजे अळीच्या आंगात कुठं असते?"

"प्रत्येक पेशीत असतं, मावशी."

"अन् पेशी म्हंजे?"

पेशी म्हणजे काय हे सांगायला जे शब्द आरजूला सुचत होते, ते सगळे पेशीपेक्षा अवघड होते.

"राहू दे," आशाबाई म्हणाल्या. "चहा घे. पुन्हा येजो. पण येशीन तं आमच्या भाषेत येजो."

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत आरजूला गावाचा राग आला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत तो स्वतःकडे वळला. डब्यातल्या अळ्यांची सगळी खानदानं तिला तोंडपाठ होती, आणि एका बाईच्या साध्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आली तर अंगणात तालीम चालली होती. तिचे अब्बा, हुसेनभाई, ब्रास बँड चालवायचे. लग्नसराई ऐन भरात होती. स्वतः ते क्लॅरिनेट वाजवायचे, आणि अकोल्यात असं म्हणायचे की हुसेनभाईंचं क्लॅरिनेट ऐकून रुसलेला जावईसुद्धा घोड्यावर चढतो.

"काय झालं?" तिचा चेहरा पाहून त्यांनी हाताने तालीम थांबवली.

"अब्बा, मला काही जमलं नाही. लोक हसले."

"हसले ना? रडले तर नाहीत? बैठ. मला सांग. मी मॅट्रिकसुद्धा नाही. मेरे भेजे में गया, तर कोणाच्याही जाईल."

ढोलवाले, तुतारीवाले बिड्या पेटवून बाजूला झाले. आरजूने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लाखात एखादी अळी अशी असते जिला विष बाधत नाही. पण त्यासाठी तिला आईकडूनही ती ताकद मिळावी लागते आणि बापाकडूनही. एकाकडूनच मिळाली तर ती अळी बीटी खाऊन मरते.

"ठहर," हुसेनभाई म्हणाले. "अशी अळी लाखात एक. मग तिचं लग्न कोणाशी होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे दुल्हा किधर का, दुल्हन किधर की? बँडवाल्याला पहिला सवाल हाच. कुठून निघायचं, कुठे पोचायचं."

आरजू त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या प्रबंधाची दोनशे पानं शेवटी याच सवालाभोवती फिरत होती. सगळीकडे बीटीच पेरलं तर साध्या अळ्या मरून जातात, उरतात त्या फक्त विष पचवणाऱ्या. त्यांना लग्नाला दुसरं कोणी मिळतच नाही. धुऱ्यावर साधी पराटी असली की तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे ढीगभर पतंग होतात, आणि लाखातल्या त्या एकाला त्या गर्दीतलंच स्थळ मिळतं. पोरांना ताकद एकाच बाजूने मिळते. ती मरतात.

"अब्बा," ती म्हणाली, "हे लग्न लावून दाखवलं तर?"

"बँड आहेच," हुसेनभाई म्हणाले.

तिने त्याच झोकात गोष्ट रचायला घेतली. एका घरातलं लग्न झालं की पोरं दांडगी, बाहेरची सोयरीक झाली की... इथवर आली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात तिची अम्मी जैनबबी मेथी निवडत ऐकत होती.

"म्हणजे घरातल्या घरात लग्न करतात ते अळ्या?" जैनबबीने विचारलं. "मी तुझ्या अब्बांच्या सख्ख्या आत्याची, फुफ्फीची, बेटी. हम क्या इल्लियाँ हैं?"

बँडवाले पोट धरून हसले. आरजूही हसली, पण तिच्या लक्षात आलं की अम्मीने थट्टेत बोट नेमकं ठेवलंय. कारंजखेडमध्येही मामाच्या पोरीशी लग्नं होत असणार. लोक गोष्टीतली अळी विसरतील आणि आपल्या घरातली लग्नं आठवत बसतील. कोणी दुखावेल, कोणी भांडेल. नात्यागोत्याचा यात काही संबंधच नव्हता. संबंध होता तो कोणाला आईबापांकडून काय मिळालं, एवढ्याचा. आणि ते डोळ्यांना दिसायला हवं होतं. शब्दांनी नाही, दिसायलाच हवं होतं.

तिने बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या. चाव्या लांबून दिसेनात. बांगड्या पोरं घालेनात. शेवटी तिने बँडच्या जुन्या लाल गणवेशाची फडकी फाडली, पांढऱ्या चादरीची फाडली. दोन्ही दंडांवर एकेक फडकं. एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. लाल म्हणजे विष पचवायची ताकद, पांढरं म्हणजे ती नसणं. दोन्ही दंड लाल असले तरच अळी जगणार. लग्न झालं की आईच्या दोन फडक्यांतलं एक आणि बापाच्या दोनांतलं एक पोराला. जनुक, पेशी, समयुग्मजी, सगळं या दोन रंगांत बसलं. बसल्यावर तिला स्वतःलाच ते नव्याने कळल्यासारखं झालं, आणि ती अंगणात एकटीच टाळ्या पिटत उभी राहिली.

आशाबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी खात्री करून घेतली. "अळीचं लगन? बँडसंगं?"

"हो, मावशी."

"मंग जेवणाचं आमच्याकडं. लगन म्हटलं का पंगत पाहिजे."

ठरलेल्या दिवशी ऊन उतरल्यावर बँडचा टेम्पो कारंजखेडात शिरला. हुसेनभाईंनी वेशीपाशीच क्लॅरिनेट तोंडाला लावलं. लोक घराघरांतून बाहेर आले. "कोणाचं लगन हो?" "पत्रिका तं आली नाही!" पोट्टे पुढे धावत ओरडत होते, "अळीचं! अळीचं!" शाळेत भाषणाला आले नव्हते इतके लोक शाळेपुढच्या मैदानात जमले. नत्थुजी एका झाडाखाली खाट टाकून बसले होते, मी आपला हवेला बसलोय अशा चेहऱ्याने.

नवरी होता कुलदीप. गावच्या दंडारीत बाईचं सोंग घेण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गुलाबी लुगडं नेसून, पदर दातात धरून तो असा लाजत आला की त्याच्या सख्ख्या आईने कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. नवरदेव होती आशाबाईंची कॉलेजात जाणारी पोरगी आकांक्षा, फेटा बांधून, काजळाने मिशी रंगवून. दोघांच्या दोन्ही दंडांना लाल फडकी. त्यांच्याभोवती शाळेतली सगळी पोरं, दोन्ही दंडांना पांढरी फडकी बांधून वळवळत होती. आणि मैदानाच्या मधोमध, हातात लिंबाचा डहाळा अन् कमरेला शेंगदाण्या-गुळाची टोपली बांधून, बीटी पराटी म्हणून खुद्द आशाबाई उभ्या.

आरजूने एवढंच सांगितलं की लाल म्हणजे काय, पांढरं म्हणजे काय. "आता पाहा."

पोरं पराटीवर तुटून पडली. आशाबाईंनी ज्याच्या त्याच्या डोक्यावर डहाळा मारायला सुरुवात केली. पांढरी पोरं तंगड्या वर करून मरत गेली. काहींनी मरताना इतका वेळ लावला की आशाबाईंना दोनदा मारावं लागलं. शेवटी मैदानात उभे राहिले फक्त कुलदीप आणि आकांक्षा. डहाळा बसला तरी दोघं शेंगदाणे खातच होते.

"आता याइचं लगन कोणाशी लागन?" आरजूने मुद्दाम वऱ्हाडीत विचारलं.

"दुसरं हाय कोण?" बायकांतून आवाज आला. "बाकी सारे मेले!"

बँड सुरू झाला. हार पडले, अक्षता पडल्या. मग मेलेली पोरं उठून पिल्लं म्हणून आली आणि आरजूने एकेकाला आईचं एक फडकं, बापाचं एक फडकं बांधलं. कोणतंही उचललं तरी लालच निघत होतं. लाल-लाल, लाल-लाल. सगळी फौज पुन्हा आशाबाईंवर धावली. या वेळी डहाळ्याने कोणीच मरेना. क्षणात टोपली रिकामी झाली. आशाबाई ओरडल्या, "मेली वो मी! खाल्लं रे मले!" आणि मैदानभर हशा पसरला.

नत्थुजी मात्र हसले नाहीत. ते खाटेवरून उठून उभे राहिले होते. "सारं वावर खाल्लं की," ते म्हणाले, कोणाला असं नाही.

"काका, तुम्ही मदत करता का?" आरजू त्यांच्याकडे गेली. "तुम्ही धुऱ्यावरची साधी पराटी व्हा. तुमच्यात जहर नाही."

"त्याच्यात जहर नाही म्हणून कोणं सांगितलं?" कोणीतरी मागून म्हटलं. नत्थुजींनी तिकडे एक नजर टाकली आणि तसेच चालत मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात एक टोपली दिली. पुन्हा पांढरी फडकी बांधलेली पोरं आली, शेंगदाणे खाऊ लागली, आणि नत्थुजींच्या हातात डहाळाच नसल्यामुळे कोणी मरेना. धुऱ्यावर पांढऱ्या फडक्यांची गर्दी झाली. इकडे मधल्या वावरात या वेळी आकांक्षा एकटी उरली, दोन्ही दंड लाल, फेटा सावरत.

"नवरदेवाले नवरी पाहा!" आशाबाईंनी फर्मान काढलं.

कुलदीपने धूर्तपणे आपली लाल फडकी सोडून पांढरी बांधली आणि धुऱ्यावरच्या गर्दीतून लाजत बाहेर आला. पुन्हा बँड, पुन्हा अक्षता. आता पिल्लांना फडकी बांधताना लोक स्वतःच मोठ्याने म्हणू लागले, "बापाचं लाल... आईचं पांढरं... एक लाल, एक पांढरं!" पोरं वावरात धावली. आशाबाईंचा डहाळा पडला आणि एकेक पोर आडवं झालं.

एक पोरगी तेवढी आडवी होईना. पंचफुला नाव तिचं. कमरेवर हात ठेवून उभी. "मी काहून मरू? माह्याकडं लाल हाय!"

"एक हाय ना," गर्दीतल्या म्हाताऱ्या पार्बताबाई म्हणाल्या. "एकानं भागत नाही माय. दोन लागतात. मर आता, पंगत बसायची हाय."

आरजूने आपल्या आयुष्यात बऱ्याच परिषदा ऐकल्या होत्या, पण अप्रभावी जनुकाची इतकी नेमकी व्याख्या तिने कुठे ऐकली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचं आहे असं तिने हुसेनभाईंना खुणेने सांगितलं.

टाळ्या चालू असतानाच नत्थुजींनी हात वर केला. टोपली अजून त्यांच्या हातातच होती.

"बाई, एक गोष्ट राहिली. हे एक लालवाले पोट्टे वावरात मेले. पण यातले काही माह्या धुऱ्यावर जन्मले तं? इथं जहर नाही. इथं ते मरणार नाही. मोठे होतीन. अन् एक लालवाल्याचं लगन दुसऱ्या एक लालवाल्याशी लागलं तं?"

पंचफुलाने डोकं वर करून पाहिलं.

आरजूला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. गोल उत्तर देता आलं असतं. सरही कधी कधी म्हणायचे की लोकांपुढे फार खोलात जाऊ नये. पण ज्यांनी आत्ताच लाल-पांढरं मोजून दाखवलं, त्यांच्यापुढे गोल उत्तर टिकलं नसतं, आणि तिला द्यायचंही नव्हतं.

"तर काही पोरं लाल-लाल निघतील, काका."

"म्हंजे हा कायमचा इलाज नाही."

"नाही. अळीला उशीर करणारा इलाज आहे. धुरे नसतील तर ती काही वर्षांतच सगळं खाईल. धुरे असतील, सगळ्यांचे असतील, तर कितीतरी जास्त वर्षं लागतील. तेवढ्यात आम्ही दुसरं काही शोधू, असं आम्हाला वाटतं. शोधूच, असं मी आज सांगू शकत नाही."

"अन् त्या पाच तासांचा कापूस?"

"त्यातला बराचसा अळी खाईल. ते नुकसान तुमचंच."

हुसेनभाईंनी क्लॅरिनेट खाली ठेवलं.

नत्थुजींनी टोपली जमिनीवर ठेवली, दुपट्ट्याने हात पुसले. "आमच्या इथं बी विकाले येते तो म्हणते शंभर टक्के. फवारा विकाले येते तोही शंभर टक्के," ते म्हणाले. "तुमी पहिल्या आल्या, कमी टक्केवाल्या." आणि हे दूषण होतं की भूषण हे कोणाला कळायच्या आत ते पंगतीत जाऊन बसले.

पंगत चांगली झाली. आलू-वांग्याची भाजी, पोळ्या आणि बुंदी. हुसेनभाईंना आशाबाईंनी इतक्या आग्रहाने वाढलं की त्यांना पुढच्या लग्नाच्या सुपारीला क्लॅरिनेट फुंकायला दम राहील की नाही अशी शंका आली. कुलदीपने लुगडं सोडायचं नाकारलं आणि तसाच बुंदी वाढत फिरला.

पेरण्या झाल्या. आरजू विद्यापीठात आपल्या डब्यांत गुंतली. कारंजखेडात कोणी कोणी धुऱ्यावर साधं बी टाकलं हे तिला आशाबाईंकडून तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. बचत गटातल्या बहुतेकींनी टाकलं होतं. एका पाकिटातलं बी जुनाट निघालं, उगवलंच नाही. तिथे आरजूने विद्यापीठातलं बी पाठवलं. काहींनी पुडी पुन्हा उकिरड्यावरच टाकली होती. शेजारच्या गावांत तर जवळजवळ सगळ्यांनीच. नत्थुजींबद्दल विचारलं तर आशाबाई म्हणायच्या, "तो काही सांगत नाही. त्याच्या वावराकडं गेलं का दुसरंच बोलते."

दिवाळी झाली, वेचणीला सुरुवात झाली, आणि एक दिवस सकाळीच आशाबाईंचा फोन आला. त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की आरजूला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"सापडली! ये लवकर! अळी सापडली!"

आरजूने घाईघाईने विचारलं, "कुठे, मावशी? मधल्या वावरात?"

"मधल्या वावरात कशाले? धुऱ्यावर! आपल्या धुऱ्यावर!"

ती पोचली तर आशाबाईंच्या वावरात लहानसा मेळाच भरला होता. बायका धुऱ्याकडची बोंडं फोडून एकमेकींना दाखवत होत्या. आत सरकीला चिकटलेली गुलाबी अळी दिसली की "हे पाह्य! हे पाह्य!" असा गलका व्हायचा. आकांक्षा मधल्या तासांतली बोंडं फोडत आत आत गेली होती. तिथून ती रिकामे हात हलवून दाखवत होती. पुन्हा पुन्हा फोडली तरी आत काही नाही. सगळी गर्दी धुऱ्यावर, अगदी नत्थुजी टोपली घेऊन उभे होते तशी.

आरजू बोंड हातात घेऊन उकिडवी बसली. अळीने डोकं उचललं, पुन्हा सरकीत घातलं. प्रयोगशाळेत अशा हजारो तिने पाहिल्या होत्या. तरी ही पाहताना तिला वाटलं, ही मी पहिल्यांदाच पाहतेय. आयुष्यभर जिला मारायची त्या अळीला पाहून एवढी माणसं हरखली होती, कारण ती तिथे का आहे हे त्यांना माहीत होतं.

"बाई!" पलीकडच्या धुऱ्यावरून हाक आली. नत्थुजी उभे होते. "तिकडं काय पाह्यता? इकडं या. आशाबाईच्याइपेक्षा माह्या जाड्या हायेत."

"तू लावली होती?" आशाबाई कडाडल्या. "अन् मले सांगितलं नाही?"

"उगवते का नाही ते पाहू दे म्हटलं आधी."

मग कोणाची अळी जाड यावरून धुऱ्याच्या दोन बाजूंनी असं काही जुंपलं की निवाडा करायला आरजूला दोन्हीकडची बोंडं शेजारी शेजारी ठेवावी लागली. नत्थुजींची खरंच जाड होती. तसं तिने सांगताच त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि आशाबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन्ही वावरांतली बोंडं पिशव्यांत भरून तिने अकोल्याला नेली. अळ्या वाढवल्या, त्यांचे पतंग झाले, पतंगांनी अंडी घातली. अंड्यांतून निघालेली दोऱ्यासारखी पिल्लं तिने विष मिसळलेल्या खाण्यावर सोडली. कारंजखेडची अळी आतून अजून पांढरीच आहे की लाल व्हायला लागली, हे त्यावरून कळणार होतं. ते दिवस तिने भीत भीत काढले. जैनबबी रोज विचारायची, "काय म्हणतात तुझी इल्लियाँ?"

ज्या दुपारी निकाल हाती आला, त्या दुपारी ती प्रयोगशाळेच्या जिन्यावर बसली आणि तिने आशाबाईंना फोन लावला.

"मावशी, मेल्या! सगळ्या मेल्या! तुमच्याही, नत्थुजींच्याही!"

पलीकडे आशाबाईंनी फोन हातात धरूनच ओरडून सांगितलं असावं, कारण आधी एक बाई ओरडली, मग चार, मग बरीच गडबड ऐकू आली. कोणीतरी थाळी वाजवली. मग आशाबाई पुन्हा फोनवर आल्या, धापा टाकत.

"सगळ्या?"

"सगळ्या, मावशी. एकही उरली नाही."

"लय चांगलं झालं," आशाबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पण काय वो, पोसल्या होत्या आपुन त्याइले. बिचाऱ्या."

आणि मग दोघी, एक अकोल्यात जिन्यावर आणि एक कारंजखेडात आपल्या ओट्यावर, फोन कानाला लावून हसत सुटल्या.